नोंद हिरवी, गाव निरोगी

अभिनंदन! प्राथमिक आरोग्य केंद्रात डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून ११ महिन्यांच्या करारावर तुमची नेमणूक झाली आहे. आदेशाच्या तळाशी 'सेवेत कायम होण्याचा कोणताही हक्क सांगता येणार नाही' अशी अट असेल, ती वाचून मन खट्टू करू नका. तुमच्या हाती आता ३०,००० माणसांची तब्येत आहे. केंद्र डोंगराळ किंवा आदिवासी भागातलं असेल तर २०,००० माणसांची, पण ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली. डॉक्टर त्यांना नुसते तपासतात. गाव आजारी आहे की ठणठणीत, हे वर कळवणार तुम्ही.

पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करणारा एखादा मित्र असेल तर त्याचा हेवा करू नका. अमेरिकेतला डॉक्टर जे पुटपुटला तेच बिचाऱ्याला टाइप करावं लागतं, आणि एक मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला तर पकडायला दुसरा बसलेला असतो. तुम्हाला तसलं बंधन नाही. कागदावर काहीतरी लिहिलेलं असतं, वरून काहीतरी अपेक्षित असतं, आणि या दोहोंच्या मधली सगळी जागा तुमची.

कामाची ओळख पहिल्याच दिवशी होईल. गरोदर बाईची नोंद आधी सिस्टरच्या रजिस्टरात असते. तिथून तुम्ही ती आरसीएच या माता-बालकांच्या पोर्टलवर चढवायची. महिनाअखेरीस तीच बाई एक आकडा होऊन एचएमआयएसमध्ये, म्हणजे मासिक अहवालाच्या पोर्टलवर, जाते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या की त्या ई-औषधीच्या साठ्यातून वजा व्हायला हव्यात. बाळ झालं की लसी यू-विनवर, जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत आणखी वेगळीकडे. खोकला निघाला आणि थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तर क्षयरुग्णांचं निक्षय आहेच. हे सगळं उरकलं की दुपारी चारला तालुक्याच्या ग्रुपवर एक गुगल शीट येतं, 'आजच्या आज भरणे, अत्यंत तातडीचे', आणि त्यात पुन्हा त्याच बाईचं नाव. ही सगळी पोर्टलं सरकारचीच असून एकमेकांशी बोलत का नाहीत, असा प्रश्न कुणाला विचारू नका. त्यांचं काहीतरी बिनसलेलं आहे आणि मध्ये निरोप्या लागतो, म्हणून तर तुमचा पगार निघतो.

डॉक्टरांच्या अक्षराला घाबरू नका. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हे २०१६ पासून नियमात आहे. तो नियम स्वतः अगदी वाचता येईल अशा अक्षरात छापलेला आहे, तेवढ्यावर समाधान माना. केसपेपर लागलाच नाही तर फार्मासिस्टकडे न्या. तो सेकंदात वाचून दाखवतो, कारण कपाटात काय शिल्लक आहे हे त्याला पाठ असतं.

निदानाच्या रकान्यात 'ताप' असेल तर 'ताप'च राहू द्या. साथरोगांची माहिती २०२१ पासून आयएचआयपी या पोर्टलवर जाते: आरोग्यसेवकाचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. एकाच वाडीतले सहा ताप तुम्ही 'संशयित डेंगी' म्हणून टाकलेत तर दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची जीप येईल, फवारणी होईल, रांजण उपडे होतील, वाडीतली माणसं कदाचित बरीही होतील. पण 'आधी का कळवलं नाही' याचा खुलासा तुमच्या साहेबांना द्यावा लागेल. जिथे नोंद नाही तिथे साथ नाही, हे आरोग्यशास्त्र कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते आढावा बैठकीत शिकायचं असतं.

आता मुख्य धडा. बाळंतपण.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाई नोंदवली सासरच्या केंद्रात, सातव्या महिन्यात गेली माहेरच्या तालुक्यात, बाळ झालं तिसऱ्याच ठिकाणी, जिथे खाट मिळाली तिथे. सासरच्या यादीत ती महिनोन्महिने गरोदरच राहते. तिला शोधायला आशाताईला फोन लावा. आशाताईंना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. तरी तुमचा फोन उचलण्याचे वेगळे पैसे नाहीत, हे लक्षात ठेवून आवाज नरम ठेवा. माहेरचे लोक म्हणतात मोजणी आमची, सासरचे म्हणतात नोंदणी आमची. बाई एक, बाळ एक, आणि दोन्हीकडच्या व्हिडिओ बैठकीत उद्दिष्टपूर्ती. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये मात्र या दोन तालुक्यांच्या मध्ये कुठेतरी अडकतात, कारण आधार कार्डावर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं. ती विचारायला आली तर खिडकीतून प्रेमाने सांगा, 'ताई, नाव जुळत नाहीये.' जणू लग्नानंतर नाव बदलण्याची टूम तिनेच काढली.

हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्या. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तीव्र. समजा सिस्टरने उपकेंद्रात ६.८ लिहून आणलंय. तुम्ही भोळेपणाने ६.८ टाकलंत, तर ती बाई पडद्यावर लाल होईल. जोखमीची माता म्हणून तिचं नाव वेगळ्या यादीत जाईल. मग फोन: पुन्हा तपासलं का? आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) दिलं का? नाही, तर का नाही? गाडी केली का? दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व शिबिरात तज्ज्ञांना दाखवली का? तज्ज्ञ आले होते का? प्रत्येक प्रश्न बिनतोड आहे आणि प्रत्येकाचं उत्तर तुमच्या केंद्रात नाही. त्याच जागी ९.२ टाका. बाई हिरवीही होत नाही, लालही होत नाही, मध्यम होते. मध्यम बाईबद्दल कुणी फोन करत नाही. मी बघितलेल्या रजिस्टरांत आख्ख्या गावचं हिमोग्लोबिन ९ ते १० च्या घरात असं गुण्यागोविंदाने नांदताना दिसतं की वाटावं, रक्तसुद्धा ग्रामसभेत ठराव करून वाटलंय.

ते ६.८ कुठे गेलं, असं विचारू नका. ते बाईच्या अंगातच आहे. पडद्यावरून काढलंय फक्त.

याहून वरची परीक्षा एकच. बाळ जन्मलं, एकदा रडलं आणि गेलं. नियम स्वच्छ आहे: जन्मताना जीवाची काहीही खूण असली तर तो जिवंत जन्म, आणि नंतरचा तो नवजात मृत्यू. नवजात मृत्यूचं अन्वेषण होतं, समिती बसते, बालमृत्यूच्या आकड्यात भर पडते. 'मृत जन्म' लिहिलं की रकाना बदलतो आणि बैठक लवकर संपते. सिस्टर रजिस्टर पुढे करून 'बघा बाई तुम्हीच' असं म्हणाल्या, तर तुम्ही या खात्यात रुळलात असं समजा. आईने रडणं ऐकलं होतं हे खरं. पण तिच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

या सगळ्यात अस्सल नोंद बघायची असेल तर कुत्रा चावल्याचं रजिस्टर उघडा. तिथे खोट चालत नाही, कारण लेखापरीक्षक माणसं मोजत नाही, बाटल्या मोजतो. लस गेली तर कुत्रा चावलाच पाहिजे. अडचण एवढीच की कातडीत टोचायच्या पद्धतीत एक बाटली अनेकांना पुरते आणि उघडल्यावर फार तास ठेवता येत नाही. एकट्यादुकट्यासाठी उघडली तर उरलेली वाया दाखवावी लागते, आणि वाया दाखवलं की पुन्हा खुलासा. त्यामुळे आपल्या भागातली कुत्री बहुधा ठरवून, एकाच सकाळी चार-चार जणांना चावतात.

रक्तदाबाचं सोपं आहे. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायची. मशीनचा सेल गेलेला असतो, यादी मात्र पूर्ण हवी असते. १२०/८० हा आकडा कुणालाच दुखवत नाही. फक्त सगळ्यांना तोच देऊ नका, तालुक्याला संशय येतो. मधूनच एखादा १२४, एखादा १३०. एखाद्या वर्षी एक म्हातारा शेतात कोसळेल; त्याच्या नावापुढे मागच्याच महिन्याचा १२४/८२ असेल. मृत्यूच्या कारणात मग 'हृदयक्रिया बंद पडल्याने' लिहायची पद्धत आहे. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात असलं कारण लिहू नये, मूळ आजार लिहावा, असं सूचनेत म्हटलंय. पण मूळ आजार लिहायचा तर तो आधी कुणाला तरी सापडलेला असावा लागतो, आणि तुमच्या पडद्यावर तर म्हातारा धडधाकट होता.

आभा कार्डाची मोहीम आली की खुर्ची बाहेर वऱ्हांड्यात घ्या. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेली ही योजना आहे, १४ आकडी क्रमांक, त्यावर तुमचा सगळा वैद्यकीय इतिहास. आजीबाई रांगेत उभ्या आहेत, आधारला जोडलेला मोबाइल चाकणला कारखान्यात पोराच्या खिशात आहे, आणि पोराची पाळी सुरू झाल्याने फोन लॉकरमध्ये. ओटीपी दहा मिनिटांनी मरतो. आजीला औषध हवंय गुडघ्याचं. तिला सांगा, 'कार्ड काढून घ्या, मग कुठेही गेलात तरी तुमची सगळी माहिती एका क्लिकवर.' आजी मान डोलावेल आणि पदराखालून एक कापडाच्या दुकानाची पिशवी काढेल. आत २०११ चा एक्स-रे, जिल्हा रुग्णालयाचे तीन केसपेपर, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी, रिकामी स्ट्रिप, साखरेचा रिपोर्ट, कुठली गोळी खाल्ल्यावर अंगावर पुरळ आलं ते नातवाने वहीच्या पानावर लिहिलेलं. तारखेप्रमाणे लावलेलं, दुमडलेलं, कोरडं. डॉक्टर निदान करतील ते ती पिशवी बघून. तुम्ही तिच्याकडे बघू नका. ती अपलोड होत नाही.

बाकी किरकोळ. रुग्णाची माहिती गोपनीय असते, म्हणून क्षयरुग्णांची यादी फक्त ग्रुपवरच टाकावी. ग्रुपमध्ये सरपंच आहेत ते चालतं. कायाकल्पची, म्हणजे स्वच्छतेच्या पुरस्काराची, समिती यायची असेल तर आदल्या दिवशी रजिस्टरांना खाकी कव्हरं घाला आणि लाल शाईने अनुक्रमांक टाका. आतलं पान कुणी उलटलंच तर पहिलंच उलटतात, ते सुवाच्य ठेवा. काहीच घडलं नसेल त्या रकान्यात शून्य टाकू नका, 'निरंक' लिहा, भारदस्त दिसतं. रेंज नसेल तर टाकीवर चढा, शिडी वाहनचालकाकडे असते.

आणि ११ महिने संपले की एक दिवसाचा तांत्रिक खंड मिळेल, त्याची धास्ती घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही कागदोपत्री नोकरीत नसता. तरी सकाळी दहाला फोन येईलच: 'अहो, आरसीएचवर आपला तालुका खालून दुसरा आहे, आज नाही का येणार?' जा. लॉगिन साहेबांच्या नावाचं आहे, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला आहे, हजेरीपटावर तुमच्या नावापुढे रेघ मारलेली आहे. नोंदी भरा, चहा घ्या, आणि सही न करता घरी या.