आपण थोडेच गोरे आहोत!

'वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपण थोडेच गोरे आहोत!' इथल्या मराठी फार्मासिस्ट मंडळींकडून हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी अटलांटाजवळ एका औषधांच्या दुकानात काउंटरला असते. बाकीच्या औषधांबरोबर प्रेपही देते, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. नीट घेतलं तर लैंगिक संबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते.

सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, २०२२ चे आकडे बघा. प्रेपचा फायदा होईल अशा गोऱ्या लोकांपैकी ९४ टक्क्यांना ते लिहून दिलं गेलं, कृष्णवर्णीयांपैकी फक्त १३ टक्क्यांना. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १२ टक्के, पण एचआयव्हीच्या नव्या रुग्णांत एक तृतीयांशाहून जास्त.

कारणं पुष्कळ आहेत. विमा नसतो, ठरलेला डॉक्टर नसतो. शिवाय शेजारच्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी इथून काही फार लांब नाही. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं तिथे सरकारी संशोधकांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारच दिले नाहीत, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा नाही. त्या लोकांच्या नातवंडांनी आमच्या पांढऱ्या कोटावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

पण प्रिस्क्रिप्शन हातात घेऊन आलेला माणूसही काउंटरवर अडतो, त्याचं काय? विमा कंपनी आधी मंजुरी मागते. एका गिऱ्हाइकासाठी फार्मासिस्ट स्वतः डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावतो, "थांबा दहा मिनिटं, बघतो" म्हणतो. दुसऱ्याला ऐकवतो, "तुमच्या डॉक्टरांशी बोला." एकाला को-पे कार्डाची, म्हणजे स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम कमी करणाऱ्या सवलतीची, माहिती मिळते, दुसऱ्याला बिलाचा आकडा. एकाची पिशवी गुपचूप पुढे सरकते, दुसऱ्याला मागची रांग ऐकेल अशा आवाजात "हे कशासाठी घेताय?" विचारलं जातं. यात कुणी शिवी देत नाही, कुणी नियम मोडत नाही. म्हणूनच तक्रारही होत नाही. तो माणूस फक्त परत येत नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना एका काल्पनिक रुग्णाची माहिती दिली होती. वर्ण सोडला तर बाकी सगळं सारखं. रुग्ण कृष्णवर्णीय असला की 'औषध मिळालं तर हा जास्तच बेफिकीर होईल' असं विद्यार्थ्यांना वाटलं, आणि असं वाटलं की औषध लिहून द्यायची तयारीही कमी झाली. फार्मासिस्ट काय वेगळ्या मातीचे असतात? आणि आपण मराठी माणसं तर 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे ऐकतच मोठी झालो. इथे गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी घेऊन, "त्या एरियात घर नको हं, सगळे काळे आहेत" असा सल्ला देणारे काका-काकू कोण आहेत मग?

यावर कंपन्यांचं औषध म्हणजे तासाभराचं ऑनलाइन ट्रेनिंग. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट घ्या. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात सुप्त पूर्वग्रह कमी करणारे नऊ उपाय तपासले. लगेच फरक दिसला, पण काही तासांत किंवा काही दिवसांत तो पुसला गेला. व्हिडिओ बघू नका असं मी म्हणत नाही, बघा. पण मन बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा अंदाज बांधायला जागाच कमी ठेवणं मला जास्त पटतं. प्रेपच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच प्रश्न, त्याच शब्दांत, बाजूच्या खोलीत. मंजुरी अडली तर फोन दुकानानेच करायचा, समोर कोणीही असो. आणि दर तीन महिन्यांनी कोणाचं रिफिल थांबलं, कोणाला आपण फोन केला, ही यादी वर्णानुसार काढून सगळ्यांनी मिळून बघायची.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. सुट्टीच्या दिवशी कामाला माणसं कमी, फोन वाजत असतात, ड्राइव्ह-थ्रूला गाड्यांची रांग, सगळं मान्य. पण घाईत माणूस सवयीनेच वागतो. म्हणून नियम घाईच्या दिवसासाठी हवा, निवांत दिवसासाठी नाही. जॉर्जिया, टेक्सास, फ्लोरिडात काउंटरला असणाऱ्या मंडळींनी आपापल्या दुकानात ती यादी एकदा तरी काढून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. भांडायचं असेल तरी चालेल, पण यादी काढून मग भांडा.