"चौदा दिवसांत दोनच देश?"

युरोपच्या सहलीहून परत आल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की एकदाच सविस्तर लिहिते. हो, दोनच देश. त्यातही खरं तर एक शहर आणि एक खेडं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात पाच दिवस, स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन गावात आठ दिवस, आणि मधला एक पूर्ण दिवस रेल्वेत. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. तेवढ्या पैशात सात-आठ देश झाले असते, हे मला माहीत आहे. २०१८ साली मी आणि नवरा टूरबरोबर तसे जाऊन आलो होतो. तेव्हाचे फोटो काढले की कुठला चौक कुठल्या गावातला, हे आजही आम्हाला सांगता येत नाही.

टूरला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, भाषेची धास्ती असलेल्या माणसाला बरोबर आपली माणसं आणि संध्याकाळी गरम वरणभात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण मुलांना घेऊन जाणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: देश कमी करा, आणि त्यातला अर्धा वेळ खेड्याला द्या.

व्हिएन्नापासून सुरुवात करते. शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. पंधराव्या खोलीत मुलगी खाली बसली. दोष तिचा नाही, खोल्यांचाही नाही. दुसऱ्या दिवशी बेत बदलून आम्ही डॅन्यूबच्या बेटावर गेलो. हे २१ किलोमीटर लांबीचं बेट माणसांनी बनवलेलं आहे. शहराला पुराचा धोका होता, म्हणून १९७२ ते १९८८ या काळात नदीला समांतर दुसरा प्रवाह खोदला आणि निघालेल्या मातीचं हे बेट झालं. आज तिथे तिकीट नाही, कुंपण नाही. आजीआजोबा पाण्यात पाय सोडून बसलेले, पोरं डुंबतायत, कुणी सायकलवर. पूर अडवायचं काम आणि लोकांची विसाव्याची जागा एकाच खर्चात झाली. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या बाईला हे पाहून काय वाटलं असेल, ते पुणेकरांना सांगायला नको.

आणि पाणी! व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. डोंगरातून शहरापर्यंत ते उतारानेच वाहत येतं, आणि झऱ्यांभोवतीचं जंगल शहराने जपून राखलं आहे. चौकातल्या नळावर बाटली भरताना मुलाने विचारलं, "हे डोंगर इथून किती लांब आहेत?" राजवाड्यात त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

व्हिएन्ना ते झुरिक रेल्वेने जवळपास आठ तास लागतात. विमानाने तासाभरात झालं असतं, असं बरेच जण म्हणाले. पण इन्सब्रुकच्या पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, गाडी १८८४ सालच्या आर्लबर्ग बोगद्यात शिरते आणि पलीकडे निघते, तेव्हा मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मांडीवर स्टीलचा डबा उघडला, धपाटे निघाले. त्या आठ तासांतला एकही तास मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

आता लाउटरब्रुनेन. सरळसोट कड्यांमधली अरुंद दरी, दरीत ७२ धबधबे असल्याचं सांगतात. त्यातला स्टाउबबाख सुमारे तीनशे मीटरवरून पडतो, तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. गाव छोटं, पण इंटरलाकनहून दर अर्ध्या तासाला गाडी, वीस मिनिटांत गावात. आपल्याकडे ज्या वस्तीला दिवसाला दोन एसट्या आल्या तरी नशीब म्हणतात, तेवढी ही वस्ती. स्विस ट्रॅव्हल पासवर (रेल्वे-बसचा एकत्र पास) सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर प्रवास फुकट आहे, हे आधी माहीत करून घ्या, खूप पैसे वाचतात.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे तो हिरवा उतार बघून वेडे झालो. आई मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हे कुणीतरी कापतंय."

आईंचं माहेर पाटण तालुक्यातलं. लहानपणी डोंगरावरून गवताचे भारे डोक्यावर आणलेले. त्यांना जे पहिल्या नजरेत दिसलं, ते मला २०१८ साली बसच्या काचेतून दिसलं नव्हतं. ते उतार म्हणजे कुरणं आहेत. जूनमध्ये गुरं वरच्या डोंगरावर चरायला जातात, आणि खाली ठेवलेलं गवत कापून, वाळवून हिवाळ्याची वैरण होते. कापलं नाही तर हळूहळू तिथे झुडपं आणि रान माजेल. जो हिरवा गालिचा पाहायला आपण लाखो रुपये खर्चून जातो, तो शेतकऱ्याच्या हाताने होतो. आपल्याकडचे धनगर पाऊस संपला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला घाटावर परततात, त्याच तऱ्हेचं हे चक्र. फक्त इथे उन्हाळ्यात वर चढायचं.

आमच्या घराशेजारच्या उतारावर एक बाई आणि तिचा तरुण मुलगा गवत कापत होते. सपाटीला यंत्र, पण कडेला आणि जिथे फार चढ आहे तिथे लांब दांड्याचा, उभ्याने चालवायचा विळा. आई रोज सकाळी जाऊन बघत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी त्या बाईने लाकडी दंताळं पुढे केलं. नऊवारीवर स्वेटर घातलेल्या आमच्या आईंनी अर्धा तास गवत ओढलं. मुलगी दुभाषी झाली, तिच्या शाळेतल्या इंग्रजीत आणि त्या बाईंच्या मोडक्या इंग्रजीत बरंच काही बोलणं झालं. तिचा मुलगा हिवाळ्यात रोपवेवर नोकरी करतो आणि उन्हाळ्यात गवत कापतो. आणि उतार जितका तीव्र, तितके सरकारकडून हेक्टरी जास्त पैसे मिळतात.

हे खरं आहे. शेतीने फक्त धान्य-दूध द्यायचं नाही, तर निसर्ग राखायचा आणि खेडी वसती ठेवायची, असं स्विस लोकांनी १९९६ साली मतदान करून राज्यघटनेत घातलं. त्यासाठी दरवर्षी अडीच अब्ज फ्रँकहून जास्त रक्कम थेट शेतकऱ्यांना जाते. तो देश श्रीमंत आहे, कबूल. पण गवत कापणं हे देशाचं काम आहे असं ठरवायला आधी तसं वाटावं लागतं.

त्याच आठवड्यात एक वाईट बातमी होती. २८ मे २०२५ रोजी, आमच्या दरीच्या टोकाला दिसणाऱ्या डोंगरांच्या पलीकडे, ब्लाटेन नावाचं गाव हिमनदी कोसळून गाडलं गेलं. कित्येक दिवस वरचा कडा ढासळून हिमनदीवर साचत होता, ते ओझं तिला पेललं नाही. पण नऊ दिवस आधीच गावातली तीनशे माणसं बाहेर काढली होती, गुरंसुद्धा हलवली होती. एक माणूस तेवढा बेपत्ता होता. बातमी ऐकून आई बराच वेळ खिडकीत बसल्या. जुलै २०२१ च्या पावसात त्यांच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला होता. तिथे आधी कुणी हलवलं नव्हतं. हा विषय पर्यटनाच्या पोस्टमध्ये कशाला, असं काहींना वाटेल. पण मला त्या सहलीत सगळ्यात जास्त आठवते ती ही संध्याकाळ. डोंगरावर नजर ठेवायला माणसं आणि यंत्रं लावता येतात, हे माझ्या मुलांनी तिथे पाहिलं.

खाण्याचं विचारलंय बऱ्याच जणींनी. भाजणी, मेतकूट, चिवडा नेला होता. तूप नेता येत नाही, दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. आईंनी गावातलं लोणी आणून तिथेच कढवलं. पिवळंधमक, रवाळ तूप. मऊ भात, मेतकूट, ते तूप, आणि साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा.

पुण्याला पोचल्यावर आईंनी पहिला फोन पाटणला त्यांच्या धाकट्या बहिणीला लावला. बर्फ नाही, राजवाडा नाही, सगळं सांगणं गवताचंच. किती चढ होता, दंताळं कसं हलकं होतं, सरकार पैसे कसं देतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोरं गावातच राहत्यात का गं त्यांची?"

"त्या बाईचा तरी राहिलाय," आई म्हणाल्या.