‘नुसतं गरम पाणी ओतलं आणि बिल लावलं’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

सारखा फ्रीजमधला भाजीचा ट्रे काढून खालचं पाणी पुसायचं म्हणजे वैताग येणारच. तुम्ही लिहिलंय की आमच्या कारागिराने नुसतं गरम पाणी ओतलं, गॅस बघितलाच नाही, आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा साचलं.

आधी गॅसचं सांगतो. गॅस कमी झाला तर कूलिंग उतरतं; तुमचं कूलिंग उत्तम होतं. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, त्याचं पाणी होऊन गळत नाही. गरज नसताना गॅस भरून बिल फुगवणं आम्हाला पटत नाही.

तुमचा फ्रीज फ्रॉस्ट फ्री आहे. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड गॅसच्या नळ्यांची थंड कॉइल असते. तिच्यावर जमलेला बर्फ हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. ते पाणी पन्हळीतून ड्रेन होलमध्ये, नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. होल तुंबलं की पन्हळ भरून वाहते आणि पाणी थेट भाजीच्या ट्रेखाली येतं. तुमच्याकडे पॅनेल काढलं तेव्हा होलवर बर्फाचा घट्ट थर बसला होता. तो सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने टोकरला तर कॉइलला भोक पडू शकतं, मग मात्र गॅस खरंच जातो. म्हणून सिरिंजने गरम पाणी सोडायचं, हीच रीत आहे. मागच्या ट्रेमध्ये पाणी उतरताना दिसलं, हीटरही मीटर लावून तपासला, मगच पॅनेल बसवलं.

मग पुन्हा का तुंबलं? त्याच दिवशीच्या जॉब कार्डवर लिहिलंय: ‘दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलंय, बदलावं लागेल.’ तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. त्या फटीतून दमट हवा आत शिरत राहते, बर्फ जास्त धरतो, हीटरला तो पुरता वितळवता येत नाही आणि होल पुन्हा गोठतं. घरीच बघा: दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. वरच्या बाजूला ती अडेल, त्या कोपऱ्यात अलगद निघून येईल.

रबर बदलायला माणूस पाठवतो. फक्त रबराचे पैसे द्या. व्हिजिट चार्ज नको, होलही त्याच वेळी मोकळं करून देऊ. तोवर पाणी पुसताना प्लग काढून ठेवा आणि बर्फाला सुरी लावू नका.