शिळेवर आकडा आहे, नावं हवीत

दर वर्षी १ जानेवारी, म्हणजे १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा दिवस, जवळ आली की आपल्याकडे तोच वाद नव्याने पेटतो: इंग्रजांच्या फौजेत लढलेल्यांना आपलं म्हणायचं की नाही. कोणी त्यांना पराक्रमी पूर्वज म्हणतं, कोणी भाडोत्री. कॅनडातल्या किचनर शहरात बसून मी हे सगळं वाचते आणि मनापासून वाटतं की आधी या माणसांची नावं तरी जमवू या. ज्यांच्यावरून आपण एवढे हमरीतुमरीवर येतो, त्यांतले बहुतेक जण कोण होते हेच आपल्याला ठाऊक नाही.

किचनरचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं. वस्ती मुख्यतः जर्मन वंशाची. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते नाव गावाला नडायला लागलं. इथेच भरती झालेल्या ११८ व्या बटालियनच्या शिपायांनी जर्मन लोकांच्या क्लबची मोडतोड केली. मे १९१६ मध्ये मतदान झालं आणि १,५६९ विरुद्ध १,४८८ मतांनी नाव बदलायचं ठरलं. नवं नाव आलं ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर याचं. याच किचनरने १९०३ मध्ये हिंदुस्थानी फौजेची फेररचना केली, तेव्हा आपल्या मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे क्रमांक मिळाले.

त्या युद्धासाठी भरती झालेल्या कॅनडाच्या शिपायांच्या सुमारे ६ लाख २२ हजार फाइली इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन केल्या. काम २०१८ मध्ये पुरं झालं. घरबसल्या कोणीही, एक पैसा न देता, त्या उघडू शकतं. पहिलाच कागद भरतीचा: नाव, जन्मगाव, जवळचा नातेवाईक, धंदा, लग्न झालंय का, उंची, छाती फुगवून किती, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण. खाली सही. पुढे इस्पितळाचे कागद, पगारातून घरी किती पाठवायचे त्याची नोंद, शिक्षा झाली असेल तर तीही. कुणाकुणाच्या गुप्तरोगाच्या उपचारांचीसुद्धा नोंद सापडते, आणि वाचताना संकोच वाटतो. दुसऱ्या महायुद्धातून जिवंत परतलेल्यांच्या फाइली इथेही अशा सरसकट खुल्या नाहीत, हे मला योग्यच वाटतं. पण शंभर वर्षं उलटून गेल्यावर गुप्तता कुणासाठी राखायची?

कागद जपले की काय होतं ते या गावानेच दाखवलं. पंजाबातल्या माहिलपूरचा बकम सिंग लहान वयात कॅनडात आला, १९१५ मध्ये फौजेत भरती झाला, बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या आघाडीवर दोनदा जखमी झाला. पुढे क्षय जडला आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी वयाच्या पंचविशीत तो किचनरमध्ये वारला. बायको गावी. तेव्हाच्या कायद्यांमुळे तिला इकडे आणणं त्याला शक्यच नव्हतं. माउंट होप दफनभूमीतली त्याची कबर जवळजवळ नव्वद वर्षं कोणाच्या ध्यानात नव्हती. २००७ मध्ये इतिहास अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांना इंग्लंडमधल्या एका दुकानात एक पदक मिळालं. त्याच्या कडेवर बकम सिंगचं नाव कोरलेलं होतं. त्यावरून फाइल निघाली आणि फाइलवरून कबर. आता दर नोव्हेंबरमध्ये शीख मंडळी तिथे जमतात.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र कोणी समजू नये. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनीच, ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरात माजी सैनिकांच्या ‘लीजन’ संघटनेच्या शाखेने शीख माजी सैनिकांना पगडीमुळे आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लढलेली माणसं होती ती! पुढच्या वर्षीच्या राष्ट्रीय अधिवेशनातही पगडीला परवानगी देणारा ठराव फेटाळला गेला. त्याची चीड मला आजही येते.

आणि आपल्याकडे? पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव संगमरवरी शिळा बसवल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या युद्धात पडले असं सांगतात. आजच्या इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैदेत नेलेल्यांपैकी कितीतरी शिपाई परत आलेच नाहीत. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावर त्यांच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदुस्थानी शिपायांचे फक्त आकडे. अशा कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये हा अन्याय कबूल केला. हिंदी आणि आफ्रिकी मिळून ४५ ते ५४ हजार मृतांना अशी दुय्यम वागणूक मिळाली, असं त्यांच्याच अहवालात आहे.

कोरेगावच्या स्तंभावर मात्र नावं आहेत. कंपनीच्या फौजेतल्या ४९ जणांची, आणि त्यांतली २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले तेव्हा ती नावं दगडावर वाचता येत होती. समाजाला ही माणसं आमची असं सांगता आलं. १९१७ मध्ये उभारून १९२१ मध्ये मोडलेल्या १११ व्या महार पलटणीच्या शिपायांना असा दगड कुठे आहे? भाडोत्री की वीर हा निवाडा ज्याने त्याने करावा, पण दोन्ही बाजूंना नावांची गरज सारखीच आहे.

संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धासंबंधीचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले व्हायला हवेत. मग शंभर वर्षांपूर्वीच्या याद्या पलटणींच्या रेकॉर्ड ऑफिसांतून आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातून शोधून, गाववार लावून लोकांसमोर ठेवायला हरकत कसली? पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती, ती आता संगणकावर आली आहेत. सरकार हलेपर्यंत माजी सैनिक संघटनांनी घरोघरच्या ट्रंका उघडायला लावाव्यात. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती वाचावी, वहीत उतरवावी, फोटो काढावा. युद्धकबर आयोग पुरावा पाहून राहून गेलेली नावं अजूनही घेतो. सुरुवात अपशिंग्याच्या त्या ४६ जणांपासून करता येईल.