'ट्रॅव्हल' म्हणजे छळ? एका व्युत्पत्तीचा प्रतिवाद

इंग्रजीतील 'ट्रॅव्हल' म्हणजे प्रवास आणि फ्रेंचमधील 'त्राव्हाय' म्हणजे काम, हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, इथपर्यंत समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर बरोबर आहे. मात्र त्यापुढे तो सांगतो की, हा शब्द रोमन लोकांच्या 'त्रिपालियम' (शब्दशः तीन खांब) नावाच्या छळयंत्रावरून आला, म्हणून फ्रेंचांना काम हा छळ वाटतो आणि प्राचीन काळी प्रवास छळासारखा असल्यामुळे इंग्रजांनी प्रवासाला तेच नाव दिले. मराठीत फिरताना त्याला कधीकधी एक पुरवणीही जोडली जाते, ती अशी की आपली 'यात्रा' मंगल आणि त्यांचा प्रवास मात्र यातनामय.

पहिला मुद्दा रोमन छळयंत्राचा. अभिजात लॅटिन वाङ्मयात छळाचे साधन या अर्थी 'त्रिपालियम' आढळत नाही. गुलामांना ताणून पिळण्याच्या रोमन चौकटीचे नाव 'एक्युलेउस', म्हणजे शिंगरू, असे होते. आपल्याला हवा असलेला शब्द 'त्रेपालियम' या रूपात भेटतो तो पश्चिमेकडील रोमन साम्राज्य कोसळल्यानंतर, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, ओसेर येथील ख्रिस्ती धर्मसभेच्या एका नियमात. आरोपींचा छळ जेथे होतो त्या त्रेपालियमपाशी पुरोहिताने उभे राहू नये, असे तो नियम सांगतो. म्हणजे असे साधन होते हे खरे, पण 'त्राव्हाये' म्हणजे काम करणे, हे फ्रेंच क्रियापद त्यावरूनच बनले हे त्या नियमात कोठेही नाही. तो सांधा 1888 मध्ये पॉल मेयर या फ्रेंच भाषाभ्यासकाने जोडला आणि पुढे कोशांनी तो उचलला. त्याआधी तुळई या अर्थाच्या 'त्राब्स' या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवले जात असे आणि अलीकडे काही भाषाभ्यासकांनी मेयर यांच्या मतावर पुन्हा शंका घेतली आहे. कोशातले हे संभाव्य मत निर्विवाद इतिहास म्हणून पुढे ढकलणे, हा या मजकुराचा मूळ दोष आहे.

या शब्दाचा एक कमी नाट्यमय अर्थ मात्र फिरत्या मजकुरात कधी दिसत नाही. नाल ठोकताना घोडा किंवा बैल ज्या खांबांच्या चौकटीत जखडतात, तिलाही फ्रेंचमध्ये 'त्राव्हाय'च म्हणतात. (आपल्याकडे बैलाला पत्री मारताना त्याला दोराने आडवा पाडतात, त्यामुळे अशी चौकट आपल्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही.) तीन खांबांपासून ही व्युत्पत्ती मान्य केली, तरी त्या खांबांपाशी नेहमी छळणारा माणूसच उभा असेल असे नाही, तेथे नालबंदही असू शकतो.

दुसरा मुद्दा फ्रेंचांच्या मनोवृत्तीचा. जुन्या फ्रेंचमध्ये 'त्राव्हाये' या क्रियापदाचा अर्थ क्लेश देणे, कष्टणे, वेणा सोसणे असा होता, आणि प्रसूतिवेणांसाठी तो शब्द तेथे आजही चालतो. परंतु सर्वसाधारण कामासाठी तेव्हा 'उव्रे' हे वेगळे क्रियापद होते. सोळाव्या शतकाच्या सुमारास ते मागे पडले आणि त्याची जागा 'त्राव्हाये'ने घेतली. 'उव्रिए' म्हणजे कामगार, या शब्दात त्याची खूण उरली आहे. अर्थ सौम्य होत होत छळापासून कामापर्यंत आला असताना, आजचा फ्रेंच माणूस कचेरीत जाताना मनात छळचौकट घेऊन जातो असे मानणे म्हणजे अर्थाची वाटचाल उलटी वाचणे होय.

तिसरा मुद्दा लवकर आटोपतो. रोमन लोक प्रवासाला 'इतेर' म्हणत आणि इ. स. पू. 312 मध्ये सुरू झालेल्या आप्पियन मार्गासारखे रस्ते बांधत. त्यांच्या प्रवासाचा 'ट्रॅव्हल'शी संबंध नाही. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी अकराव्या शतकात इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषा तेथे रुजली, तेथे कष्टणे या अर्थातून वाट तुडवणे हा अर्थ स्थिरावला आणि चौदाव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत नांदू लागला. खुद्द फ्रान्समध्ये प्रवासाला 'व्होयाज' म्हणतात, आणि तो शब्द 'व्हियातिकुम' या लॅटिन शब्दावरून, म्हणजे चक्क वाटेच्या शिदोरीवरून आला आहे. मूळ शब्दावरूनच समाजाचा स्वभाव ठरवायचा, तर फ्रेंच प्रवाशाला खवय्या म्हणावे लागेल.

राहिली ती पुरवणी. मराठीत रोजच्या वापरातला शब्द 'यात्रा' नसून 'प्रवास' आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ घरापासून दूर राहणे असा होता. पती परगावी गेल्यामुळे झुरणाऱ्या नायिकेला काव्यशास्त्रात 'प्रोषितभर्तृका' म्हणतात, ते याच 'प्र' आणि 'वस्' वरून. 'प्रवासी भारतीय' या शब्दप्रयोगात दूर राहण्याचा तो अर्थ अजून टिकून आहे. पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या एस.टी.तील प्रवाशाच्या मनात मात्र तो येत नाही.