खोदणारा गेला की बीळही जातं

"आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण आपण फुकट्या माणसासाठी वापरतो. मला ती हल्ली फार खटकते. नागाला ना हात, ना पाय, ना नखं. तो खोदणार कशानं? उंदराच्या मागे बिळात शिरतो, उन्हाच्या तडाख्यात तिथेच पडून राहतो, अंडीही बहुतेकदा अशाच बिळात नाहीतर वारुळात घालतो. मातीची ती उंच वारुळंही वाळवीनं बांधलेली असतात. जमिनीखाली राहणाऱ्यांचा अर्धा संसार असा दुसऱ्यानं खोदलेल्या घरात चालतो, आणि त्यात काहीही वावगं नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागात गोफर नावाचं कासव आहे. पुढचे पाय फावड्यासारखे चपटे. त्यांनी ते पाचेक मीटर लांबीचं बीळ खोदतं. साप, बेडूक, उंदीर, कीटक मिळून साडेतीनशेहून जास्त जातींचे जीव या बिळांचा आसरा घेतात. रानात वणवा लागला की वरचं गवत जळून जातं आणि हे सगळे खाली सुखरूप असतात. त्याच फ्लोरिडात 2007 पर्यंत बांधकामवाल्यांना पैसे भरून ही कासवं बिळातच गाडायची परवानगी मिळायची. कासवाला हवा कमी लागते, त्यामुळे ते लगेच मरतही नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

काळ्या पायांच्या फेरेटचं तेच झालं. हा मुंगसाएवढा शिकारी प्रेरी डॉगच्या बिळात राहतो आणि प्रेरी डॉगच खातो. प्रेरी डॉग म्हणजे कुत्रा नव्हे, तर अमेरिकेतल्या गवताळ माळावर बिळं खोदून राहणारा खारीच्या कुळातला प्राणी. प्रेरी डॉग गवत खातात म्हणून माणसांनी त्यांना विष घातलं. त्यात रोगाची साथ आली. फेरेटला कुणी हातही लावला नव्हता, तरी तो संपला असंच सगळे धरून चालले होते. 1981 साली वायोमिंगमध्ये एका पाळीव कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा कळलं की काही उरलेत. 1987 पर्यंत उरलेसुरले पकडले, ते भरले फक्त 18. पुढे त्यांची पैदास करून काही पुन्हा माळावर सोडले, पण प्रेरी डॉगची बिळं असतील तिथेच. दुसरीकडे सोडून उपयोगच नाही.

आणि हे सगळं मी एवढ्या तळमळीनं का लिहितोय, तर वेड्या राघूमुळे.

मातीच्या एका उभ्या कडेत मी एका जोडीला बीळ खोदताना बघत होतो. चिमणीपेक्षा किंचित मोठा, सडपातळ हिरवा पक्षी. चोचीनं टोचायचं, मग आत शिरून पायांनी माती मागे उडवायची. आधी नुसती खळगी, मग पक्षी अर्धा आत, मग फक्त शेपटीच्या दोन बारीक काड्या बाहेर, आणि शेवटी भोकातून उडणारी मातीची चिळकांडी तेवढी दिसायची. आत गवताची काडीसुद्धा नेत नाहीत, उघड्या मातीवरच अंडी.

काही आठवड्यांनी गेलो तर कड यंत्रानं तासून गुळगुळीत केलेली. जोडीतला एकजण चोचीत चतुर धरून त्या सपाट मातीसमोर फडफडत होता. मागे तारेवर जाऊन बसायचा, पुन्हा यायचा. चतुर चोचीत तसाच.

कड तासणाऱ्याला ते भोक दिसलं असेल, पण त्यात कुणी राहतं हे कदाचित ठाऊकच नसेल. म्हणून सांगतो. भोकाच्या तोंडाशी ताजी भुसभुशीत माती असेल, किंवा पक्षी तोंडात किडा घेऊन आत जाताना दिसत असेल, तर ते घर भरलेलं आहे. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, पिल्लं उडायला आणखी तीन-चार. तेवढे दिवस कडेला हात लावू नका.