फेटा, अकिलीस आणि गाळलेल्या ओळी

बंड्या चुलतभावाच्या लग्नातून न जेवता परत आला, तिथून सगळं सुरू झालं.

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीतल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. रात्री साडेनवाला आम्ही सहा जण जमतो. मास्तर शिकवायचे गणित, पण बोलतात फक्त इतिहासावर. वकील कोर्टात बोलतो त्याच्या दुप्पट इथे बोलतो. बुवा भजनात मृदंग वाजवतात. खापरी पुरातत्त्वात एम.ए. झालेली, सदा मडक्यांच्या तुकड्यांबद्दल बोलते म्हणून हे नाव. मग बंड्या आणि मी.

बंड्याचं दुःख असं. मांडवात त्याला मानाचा फेटा बांधला. अर्ध्या तासाने कोणी पुढारी आले. फेटे संपलेले. काकांनी सगळ्यांच्या देखत बंड्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि पुढाऱ्यांच्या डोक्यावर ठेवला. बंड्या उठला आणि गाडीत जाऊन बसला, तो थेट निघेपर्यंत.

"अकिलीस झाला की रे तुझा," खापरी म्हणाली.

"म्हणजे टाच दुखतेय का?"

"टाचेचा इलियडमध्ये, होमरच्या त्या जुन्या ग्रीक महाकाव्यात, पत्ता नाही. लाकडी घोडाही नाही. त्यात आहे ते हेच, तुझा फेटा." मग तिने कटिंग खाली ठेवून सांगितलं. ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्याचं दहावं वर्ष. लुटीतून ग्रीकांचा वीर अकिलीस याला ब्रिसेइस ही बाई मिळालेली, सैन्याने दिलेला मानाचा वाटा म्हणून. सेनापती अगामेम्नॉनला आपल्या वाट्याची बाई तिच्या बापाला परत करावी लागली, कारण बाप अपोलो देवाचा पुजारी आणि छावणीत साथ पसरलेली. मग ह्याने काय करावं? अकिलीसचा वाटा उचलून नेला. अकिलीस जहाजांपाशी जाऊन बसला.

"फेटा आणि बाई एकच का?" वकील म्हणाला.

"त्या समाजात हिशेब एकच होता. पुढे अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मरतो, त्याच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात, त्यात कुस्तीचं पहिलं बक्षीस एक तिवई, किंमत १२ बैल. दुसरं बक्षीस घरकामात तरबेज बाई. किंमत ४ बैल."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. ब्रिसेइसच्या तोंडी अख्ख्या काव्यात एकच भाषण आहे, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर रडतानाचं. मी ते दोनदा वाचलंय. पण हे मी तेव्हा बोललो नाही, कारण बंड्याला स्वतःचंच ऐकायचं होतं.

"म्हणजे तोही रुसलाच ना?"

"रुसवा नाही, कोप," मास्तर म्हणाले. "काव्याचा पहिलाच शब्द आहे 'मेनिस'. हा शब्द इलियडमध्ये बहुतेक देवांच्या कोपाला लावतात. माणसांत मुख्यतः ह्या एकट्याला. आणि मानाला त्यांचा शब्द 'तिमे'. त्याचा दुसरा अर्थ मोल. मान आणि मोल एकाच शब्दात. तेव्हा वाटा काढून घेतला म्हणजे माणसाची किंमत चारचौघांत उतरवली."

"माझी उतरवली!" बंड्या म्हणाला. "आता काकांनी दहा फेटे आणले तरी घेणार नाही."

"अकिलीसनेही घेतलं नाही," खापरी म्हणाली, आणि मग तिने जे सांगितलं ते मला त्या रात्रीचं सगळ्यात भारी वाटलं.

लढाई हरत चालल्यावर अगामेम्नॉन नमतो आणि आहेराची यादी वाचतो. ७ तिवया, १० टॅलेंट सोनं, २० हंडे, १२ शर्यतीचे घोडे, लेस्बोसच्या ७ बायका, ब्रिसेइस परत, वर मुलगी आणि ७ गावं. आणि शेवटी म्हणतो, आता त्याने माझ्यापुढे वाकावं, कारण मी जास्त मोठा राजा आहे आणि वयानेही थोर. इथाका बेटाचा चतुर राजा ओडिसियस निरोप घेऊन अकिलीसच्या झोपडीत जातो. यादी जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवतो, हंडे-घोडे सगळे त्याच क्रमाने. आणि शेवटच्या त्या वाकण्याच्या ओळी गाळतो.

"वकिलाचं काम," वकील खुशीत म्हणाला.

"पण अकिलीस पहिल्याच फटक्यात म्हणतो, मनात एक ठेवून तोंडाने दुसरं बोलणारा मला यमाच्या दारासारखा नकोसा आहे. आणि गंमत म्हणजे गाळलेल्या ओळींत अगामेम्नॉननेही यमाचंच नाव काढलेलं असतं, यम कुणापुढे नमत नाही म्हणून तो माणसांना सगळ्यात नावडता, असं. निरोप न ऐकताच ह्याने उत्तर दिलं."

"मिंधेपणा कळतोच," बंड्या म्हणाला. "आहेर जितका मोठा तितका मिंधा."

इथे वकील उसळला. त्याला पुरावा लागतो. "गोष्ट राहू द्या. हे घडलं कधी? १८७० च्या दशकात श्लीमन नावाच्या जर्मन माणसाने तुर्कस्तानात हिसार्लिकला ट्रॉय खणून काढलं, १८७६ मध्ये ग्रीसमध्ये मायसेनीला सोन्याचे मुखवटे काढले. म्हणजे इलियड हा मायसेनीचा, सुमारे इ.स.पू. १२०० चा इतिहास. विषय संपला."

"तुझा साक्षीदार उलटतपासणीत टिकणार नाही," खापरी म्हणाली. "ओडिसियस एकदा रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो. तसली शिरस्त्राणं मायसेनी काळच्या थडग्यांत सापडली, आणि होमरच्या आधी काही शतकं ती वापरातून गेलेली. हा तुझा मुद्दा. पण मायसेनीचे लोक सरदारांना पुरत, होमरचे वीर चितेवर जळतात. मायसेनीचे रथ लढाईचे, होमरचे वीर रथातून रिक्षात बसल्यासारखे येतात, उतरतात आणि पायी लढतात. हत्यारं काशाची, पण बक्षिसाला लोखंडाचा गोळा ठेवलाय आणि वर म्हणतात, जिंकणाऱ्याला पाच वर्षं लोखंडासाठी शहरात जायला नको. ही एका काळाची साक्ष आहे की चार काळांची भेळ?"

"आणि राजे," मास्तरांनी पुढचं उचललं. "१९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही मायसेनी काळची लिपी वाचली. ग्रीसमधल्या पायलोसच्या मातीच्या पाट्यांवर काय निघालं? मेंढ्या, कासं, तेल, वल्हेकरी. निव्वळ कारकुनी. त्यात सगळ्यांत वर 'वानाक्स', आणि 'बासिलेउस' हा खालचा, गावपातळीवरचा मुकादम. होमरमध्ये राजालाही बासिलेउस म्हणतात, आणि एकट्या इथाका बेटावर असे कितीतरी."

"म्हणजे तख्त बुडालं आणि गावचा पाटीलच राजा म्हणवू लागला," वकील म्हणाला. हरताना तो नेहमी चांगलं वाक्य टाकतो.

पाटील हे अगदी बरोबर. होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, ओडिसियसच्या राजवाड्याच्या दारात शेणाचा ढीग असतो, शेतात न्यायला साठवलेला, आणि त्यावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस गोचिडांनी भरून पडलेला असतो. वीस वर्षांनी आलेल्या मालकाला ओळखून शेपूट हलवतो आणि मरतो. राजा स्वतःचा पलंग स्वतः सुतारकाम करून बनवतो. राजाचा बाप ठिगळं लावलेल्या कपड्यांत बागेत आळी करत बसलेला. मायसेनीच्या दप्तरी राज्याचं हे चित्र नव्हे. हा वाडा आहे, गोठ्यासकट.

"मग चार काळ एकत्र आले कसे?" मी विचारलं.

बुवा इतका वेळ बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून होते. "पाठांतराने नव्हे. रचण्याने. आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची. 'पहिली माझी ओवी' इतकं तयार, पुढचं त्या दिवसाचं. तयार तुकडा जुना राहतो, पुढचं आजचं येतं."

बुवांना माहीत नव्हतं, पण हेच मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सिद्ध केलं. अकिलीस 'चपळ पायांचा' असतो, बसलेला असला तरी. जहाजं 'वेगवान' असतात, वाळूवर ओढून ठेवलेली असली तरी. ही विशेषणं अर्थापेक्षा वृत्तासाठी आहेत; ओळीत जितकी जागा उरली तितकं विशेषण. जिवंत पुरावा शोधायला पॅरी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गेला, तिथले गायक गुसले नावाच्या वाद्यावर वीरकथा गात. त्यात अवदो मेजेदोविच नावाचा खाटीक होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याने १९३५ मध्ये १२ हजारांहून जास्त ओळींचं काव्य सांगितलं. ओडिसी साधारण तितकीच आहे. इलियड १५ हजार ७०० च्या आसपास. त्याच वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, पॅरी बंदुकीची गोळी लागून मेला.

"बरोबर," बुवा म्हणाले. जणू पॅरीने त्यांना विचारूनच केलं होतं.

इथवर सगळे खूश होते. मग मास्तरांनी खडा टाकला. "पण हा गायक कुणाच्या ताटात जेवायचा? दरबारी कवी तो! थर्सायटीस आठवा."

थर्सायटीस म्हणजे इलियडमधला जवळजवळ एकमेव साधा माणूस जो सभेत तोंड उघडतो. फेंगडा, एका पायाने लंगडा, खांदे आत आलेले, टोकदार डोक्यावर विरळ केस. तो अगामेम्नॉनला म्हणतो, तुझ्या झोपड्या काशाने आणि बायकांनी भरल्यात, अजून काय हवंय? चला घरी. ओडिसियस राजदंडाने त्याच्या पाठीत हाणतो, वळ उठतो, तो रडतो आणि सैन्य हसतं.

"बघा," मास्तर म्हणाले. "गरिबाने खरं बोललं तर कुरूप दाखवायचा आणि झोडपायचा. समोर जेवत बसलेले सरदार खूश."

"पण तो बोलतो काय, ते ऐका ना," खापरी म्हणाली. "पहिल्या सर्गात अकिलीस जे बोलला तेच. एक ओळ तर जशीच्या तशी अकिलीसची. देखणा सरदार बोलला तर कोप, लंगडा बोलला तर मार. हे गायकाला कळलं नसेल? आणि सैन्य हसलं म्हणता, तिथे मूळात आहे की ते खिन्न असूनही हसले. हा शब्द दरबाऱ्याने कशाला टाकावा?"

मास्तर मानले नाहीत. त्यांचं म्हणणं, खरा माणूस हेसिओड, दुसरा जुना ग्रीक कवी. तो स्वतःच्या नावाने बोलतो. बापाच्या जमिनीच्या वाटणीत भावाने, पर्सीसने, लबाडी केली आणि सरदारांनी त्याच्या बाजूने निवाडा दिला, म्हणून हेसिओड त्यांना तोंडावर 'भेटी खाणारे' म्हणतो.

"भाऊबंदकीचा दावा!" वकील जागा झाला. "दिवाणी!"

"आणि स्वतःच्या गावाबद्दल काय लिहितो? आस्क्रा, हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात भयंकर, बरं कधीच नाही."

"डोंबिवलीकर होता," बंड्या म्हणाला. पहिल्यांदाच हसला.

पण हेसिओडसुद्धा बक्षिसाला नाही म्हणाला नव्हता. खाल्किस इथे एका सरदाराच्या अंत्यविधीच्या खेळांत त्याने गाण्याची स्पर्धा जिंकली आणि कानाची तिवई मिळवली, हे तो स्वतःच मिरवून सांगतो. म्हणजे जेवणारे तेच, फक्त एकाने वाढप्याला शिव्या दिल्या. माझं मत असं की होमरने शिव्या दिल्या नाहीत, त्याने ओळी मांडल्या. तीच ओळ दोन तोंडांत घातली, किंवा यादी अख्खी म्हणून शेवट गाळला. ऐकणाऱ्यांना प्रत्येक तुकडा ओळखीचा असतो, त्यामुळे गाळलेलं त्यांना ऐकू येतं. कागदावर वाचणाऱ्याला ते निसटतं. मला पहिल्या वाचनात निसटलंच होतं. यादी दुसऱ्यांदा आली म्हणून मी पान उलटलं होतं.

"गायकाची जागा काय होती, ते ओडिसीतच आहे," मास्तर हट्टाने म्हणाले. "डुकरं राखणारा युमेयस सांगतो, परक्याला कोण बोलावतं? फक्त ज्योतिषी, वैद्य, सुतार आणि गायक यांना."

"अलुतेदार-बलुतेदार," बुवा म्हणाले. "फक्त फिरते."

"मग त्याच ओडिसीचा बावीसावा सर्ग घ्या," मी म्हणालो. ओडिसियस घरी येऊन बायकोच्या मागे लागलेल्यांची कत्तल करतो. त्यांचा यज्ञ करणारा लिओडीस पाय धरून गयावया करतो. त्याचं मुंडकं बोलता बोलता धुळीत पडतं. मग फेमिओस, त्यांच्या मेजवान्यांत बळजबरीने गाणारा. तो वीणा हळूच जमिनीवर ठेवतो, दारूच्या मोठ्या भांड्याच्या आणि चांदीच्या खिळ्यांच्या खुर्चीच्या मध्ये, आणि पाय धरतो. म्हणतो, गायकाला मारलंस तर तुलाच मागाहून वाईट वाटेल. मी स्वतःच शिकलोय, देवाने माझ्या मनात गाण्याच्या सगळ्या वाटा पेरल्यात. ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस मध्ये पडतो. गायक वाचतो.

"पुजारी मेला, गायक वाचला," वकील म्हणाला. "आणि हे रचलं कुणी?"

"गायकाने!" तिघे एकदम म्हणाले. मास्तरसुद्धा. वीणा कुठे ठेवली तेही त्याने सांगून ठेवलंय, याचं बुवांना फार कौतुक वाटलं. मृदंग ते कुणाला हात लावू देत नाहीत.

टपरीवाल्याने पातेलं उतरवलं. खापरी तिच्या आवडत्या पेल्यावर आली होती: इस्किया बेटावर १९५४ मध्ये थडग्यात सापडलेला मातीचा पेला, इ.स.पू. आठव्या शतकातला, त्यावर तीन ओळी खरडलेल्या, मी नेस्टरचा पेला, जो ह्यातून पिईल त्याला लगेच प्रेमदेवता अफ्रोडायटीची ओढ लागेल. इलियडमधला म्हातारा राजा नेस्टर, त्याचा पेला सोन्याच्या खिळ्यांनी मढवलेला, भरला की इतरांना मेजावरून हलवणं मुश्किल. आणि हा एवढासा. ग्रीकांना फिनिशियनांकडून अक्षरं मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि त्यांनी हिशेबाच्या आधी चेष्टा लिहिली असं तिचं म्हणणं. "हिशेब कशावर लिहिले असतील ते सडलं असेल," असं वकील म्हणत होता तेवढ्यात बंड्याचा फोन वाजला.

आईचा होता. त्याने स्पीकरवर टाकला.

"अरे, काकांचा फोन आला होता. त्यांना फार वाईट वाटलंय. तुझ्यासाठी नवा फेटा घेतलाय, भरजरी. बुंदीचे लाडू आहेत दोन डबे. शाल आहे. आणि रविवारी पूजेला तुला बोलावलंय, जोडीने बसायला म्हणे. जाशील ना रे?"

बंड्याने आमच्याकडे एकदा बघितलं.

"आई," तो म्हणाला, "आणि शेवटी काय म्हणाले काका?"

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता.